मौजे बोन्साय

पुण्याला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला निघालेले बिडवेसाहेब सकाळी दहाच्या आत ऑफिसात आले, तेव्हा त्यांच्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात झाड होतं. झाड एका हातात मावतं, हे कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ताटलीसारख्या चपट्या कुंडीत ते उभं होतं. उंची जेमतेम दीड वीत, पण ऐट अशी की गावच्या पारावरचं शंभर वर्षांचं झाड आपण दोन कोसांवरून पाहतोय असं वाटावं.

साहेबांनी ते कारकून ग्यानोबा वाघमारे याच्या टेबलावर, खिडकीच्या कडेला ठेवलं.

"वाघमारे, घर बंद राहणार. हे तुमच्या जिम्म्यावर. रोज सकाळी एक पेला पाणी. एकच. बाकी काही करायचं नाही."

"हाव साहेब. कशाचं झाड म्हणायचं हे?"

"बोन्साय म्हणतात." साहेब जरा थांबले. "जातीचं नाव वेगळं होतं काहीतरी. पार्वतम्माला ठाऊक होतं. विचारून घ्यायचं राहून गेलं."

पार्वतम्मा म्हणजे साहेबांच्या पत्नी. मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्या वारल्या. बंगलोरला बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी हे झाड आणलं आणि अकरा वर्षं वाढू न देता वाढवलं. साहेब दारापर्यंत गेले, परत वळले आणि म्हणाले, "ती खोडाकडेच बघत बसायची. सगळा जीव त्या सालीत." एवढं खासगी वाक्य बिडवेसाहेबांच्या तोंडून ऑफिसात कुणी कधी ऐकलं नव्हतं. बोलून गेल्याबद्दल स्वतःवरच चिडल्यासारखे ते तरातरा निघून गेले, आणि इकडे ग्यानोबानं कुंडी कडेपासून वीतभर आत सरकवली.

एवढ्या काळजीला कारण होतं. ग्यानोबाचं गाव बोरसांगवी, तालुका अहमदपूर. गावाखालून ओढा जातो. ओढ्यापलीकडे कंधार तालुका, म्हणजे नांदेड जिल्हा. पलीकडच्या वाडीत दर तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर यायचा, अलीकडे बोरसांगवीत यायचा नाही. कारण त्या साली पलीकडची पैसेवारी चव्वेचाळीस लागली होती आणि बोरसांगवीची एक्कावन्न. पैसेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. भरलं पीक ते शंभर पैसे, आणि पन्नासच्या आत आलं की दुष्काळ. बोरसांगवीच्या पाहणीला माणसं आली ती नेमकी पाणी असलेल्या एकुलत्या एका विहिरीजवळ बसली, चहा प्यायली आणि तिथलीच कणसं मोजून गेली. संक्रांतीला ती विहीरही आटली. पण कागदावरचा एक पैसा काही आटला नाही. त्या एका पैशापायी एकशे बारा घरं रोज दीड कोस चालून पाणी आणत होती, आणि त्यात ग्यानोबाची माय चांगुणाबाई होती. गेल्या महिन्यात ती कळशीसकट पडली होती. पाय सुजला त्याचं तिला काही नव्हतं, पाणी सांडलं म्हणून ती दोन दिवस रडत होती.

फेरपाहणीचा अर्ज ग्यानोबानं स्वतः लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. साहेब सरळ माणूस. एवढा सरळ की त्याचा उपयोग करून घ्यायला कुठून धरावं ते कळू नये. "नियमात बसत असेल तर होईल. पुण्याहून आलो की पाहू," एवढंच ते म्हणाले होते. त्यामुळे ग्यानोबाचा हिशेब सोपा झाला. झाड सुखरूप राहिलं तर साहेब खूश, साहेब खूश तर फेरपाहणी, आणि फेरपाहणी झाली तर टँकर. मायच्या डोक्यावरची कळशी त्या दीड विती झाडाच्या फांदीला टांगलेली होती.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण जिल्ह्याचं सामान अजून यायचं होतं. टंचाई शाखा सरकीच्या एका जुन्या गोदामात बसायची. कपाटांवर पांढऱ्या रंगात 'उस्मानाबाद' लिहिलेलं होतं. छापील नमुन्यांवरही उस्मानाबादच होतं; ते शाईनं खोडून वर हातानं 'लातूर' लिहायचं, हे शाखेतलं रोजचं पहिलं काम. आवारात निलगिरीची नऊ झाडं होती. त्यांच्या सालीचे लांबच लांब पापुद्रे रोज खाली पडायचे आणि झाडूवाली नागुबाई ते गोळा करून चुलीला न्यायची. आभाळ पाहायची लोकांनी सवयच सोडून दिली होती.

पाचव्या दिवशी पेलाभर पाणी घालताना ग्यानोबाला कुंडीतल्या मातीवर रुपयाएवढा तपकिरी तुकडा पडलेला दिसला. त्यानं वर पाहिलं. खोडाची साल जागोजाग उकलली होती. जाड, भेगाळ खवले कडेनं सुटून उभे राहिले होते, आणि जिथून तुकडा निघाला तिथं खाली नारिंगी, खरूज खाजवल्यासारखा डाग होता.

नागुबाई झाडता झाडता थांबली. "काय झालं, दादा?"

"मावशी, हे बघा की. साल गळून राहिली."

नागुबाईनं कमरेवर हात ठेवून झाड न्याहाळलं. "मग? आपली निलगिरी सोलून राहिलीच की. पेरूचं बी असंच असतंय. जुनं आंगडं काढून राहिलंय ते. धड हाय."

"मावशी, हे साहेबांचं झाड हाय."

"साहेबाच्या झाडानं आंगडं काढू नये का?" असं म्हणून ती केर पुढे लोटत निघून गेली.

ग्यानोबाला क्षणभर बरं वाटलं. पण नागुबाईला हुद्दा नव्हता. हुद्दा नसलेल्या माणसाचं मत ऐकायला गोड असतं, फायलीला लावता येत नाही. उद्या साहेबांनी विचारलं, साल गळत होती तेव्हा तुम्ही काय केलंत, तर 'झाडूवाल्या मावशीला विचारलं' असं सांगायचं? पुण्याला ट्रंक कॉल लावावा, तर बायको जाऊन पाच महिने झालेल्या माणसाला फोनवर तिच्या झाडाची साल गळतेय असं कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून तो अर्जुनरावांकडे गेला.

अर्जुनराव शाखेचे अव्वल कारकून, आणि साहेबांच्या गैरहजेरीत शाखेचे मालक. निजामाच्या राज्यात जन्मलेले, जुन्या मुन्शींच्या हाताखाली शिकलेले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारभर गावांची पैसेवारी काढली होती, आणि त्यांना विनोद कळत नसे.

"मुआयना करावा लागंल," झाडाकडे पाहून ते म्हणाले.

"पाहणी कशाला, अर्जुनराव? साल बरी हाय का वाईट, तोंडीच सांगा की."

"तोंडी? उद्या झाड गेलं तर साहेब कुणाला धरतील? तुमाला. तुमी कुणाला धरताल? मला. मी कुणाला धरू? न्हाई न्हाई, लेखी पायजे."

लेखी पाहिजे हे ग्यानोबालाही पटलं. तिथंच घोटाळा झाला. कारण लेखी म्हटलं की नमुना लागतो, आणि टंचाई शाखेकडे छापील नमुना एकच होता, गावाच्या पैसेवारीचा. अर्जुनरावांनी तो काढला, 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहिलं आणि टाक सरसावला.

"गावाचं नाव?"

"गाव न्हाई, झाड हाय."

"रकाना गावाचा हाय. नाव काय?"

"बोन्साय."

"मौजे बोन्साय. तालुका?"

"साहेब उदगीरकडचे..."

"साहेबाचं विचारलं का? ताबा कुणाचा?"

"माझा."

"मग अहमदपूर. ज्याचा ताबा, त्याचा तालुका लागतो. जवळचं गाव, बोरसांगवी. लोकसंख्या?"

ग्यानोबानं झाडाकडे पाहिलं. "एक."

"पाण्याचा उद्भव?"

"हा कोपऱ्यातला माठ."

"माठात पाणी हाय?"

ग्यानोबानं झाकण उचललं. शहरात नळ आठव्या दिवशी यायचा आणि तो सातवा दिवस होता. "न्हाई."

"उद्भव कोरडा," अर्जुनराव पुटपुटले आणि त्यांनी तसं लिहिलं.

मग प्रत्यक्ष पाहणी झाली. अर्जुनरावांनी चष्मा पुसला, फायलीची नाडी सोडली आणि शेतात नमुन्याचा चौकोन आखतात तशी ती खोडाला गुंडाळली. "बोरसांगवीत चांगल्या रानातला नमुना घेतला म्हणून तुमीच बोंब मारली न्हवं? मग इथं वाईट बाजूचा घेऊ. इन्साफ झाला पायजे." त्यांनी नाडीच्या आतले खवले टाचणीच्या टोकानं मोजले, गळालेले वजा केले, कागदाच्या कडेला गुणाकार-भागाकार केला आणि निकाल दिला.

"अडतीस पैसे."

"म्हंजे?"

"म्हंजे पन्नासच्या आत. टंचाईग्रस्त." आणि त्यांनी आकड्याखाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या.

ग्यानोबानं गळालेला तुकडा पाकिटात घातला, पाकिटावर 'सहपत्र १, साल, नग १' असं लिहिलं आणि ते नमुन्याला टाचलं. झाड आजारी आहे हे लेखी मिळाल्यावर त्याला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

साहेबांच्या झाडाला अडतीस पैसे लागल्याची खबर दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत गोदामभर झाली. लोक वाईट नव्हते. पार्वतम्मांच्या हातचं धपाटं ऑफिसातल्या बहुतेकांनी कधी ना कधी खाल्लं होतं. येता-जाता जो तो झाडापाशी थांबू लागला, च्‌ च्‌ करू लागला आणि आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतू लागला. आठव्या दिवशी नळ येणाऱ्या शहरात माणसं स्वतःची तहान मारून झाडाला पाजत होती. टंकलेखिका सरस्वतीबाई तर घरून वेगळी बाटली आणायच्या. ग्यानोबा अडवायला जायचा, पण अडतीस पैशांच्या झाडाला पाणी पाजू नका असं म्हणायचं कसं? चार दिवसांनी तर तोही दुपारचा आपला पेला त्यात ओतू लागला. नागुबाई तेवढी एकदा म्हणाली, "अवो, पाय भिजून राहिलेत त्याचे. मरंल ना." पण तिचं आधीचं मत अर्जुनरावांच्या लेखी निकालानं खोटं ठरलेलं होतं.

याच आठवड्यात जिल्ह्याची टंचाईग्रस्त गावांची यादी वर जायची होती. सरस्वतीबाईंपुढे नमुन्यांचा गठ्ठा आला आणि त्यांनी तो खाली मान घालून टंकला. मौजे बोन्साय अक्षरक्रमानं बोथी आणि बोरगाव यांच्या मध्ये अगदी ऐसपैस बसलं. लोकसंख्येच्या रकान्यावर 'हजारात' असं छापलेलं होतं, तेव्हा एकाचे एक हजार झाले. साहेबांच्या जागी सहीपुरते येणाऱ्या प्रभारी अधिकाऱ्यांनी सही केली. यादी गेली आणि पाचव्या दिवशी मंजूर होऊन आली. बोरसांगवीचा अर्ज चार महिने पडून होता. पण बोरसांगवीचा सरपंच भांडायला यायचा, निवेदनं यायची, वर्तमानपत्रात छापून यायचं, आणि मग शंकेला जागा व्हायची. मौजे बोन्सायबद्दल एकाही माणसानं तक्रार केली नव्हती. इतकं गुणी गाव जिल्ह्यात दुसरं नव्हतं.

हे ग्यानोबाला कळलं ते टँकरवाल्या सटवाजीमुळे. दुपारी तीनच्या उन्हात तो कागद नाचवत आत आला.

"ओ भाऊसाहेब, हे बोन्साय कुठं आलं? सकाळपासून हिंडून राहिलो. अहमदपुरात इचारलं, कुणाला ठाव न्हाई. एक म्हातारा म्हणला, धरणात गेलं असंल. भरला टँकर घेऊन किती फिरू? खालून गळून राहिला तो."

ग्यानोबानं कागद वाचला. मौजे बोन्साय, तालुका अहमदपूर, बोरसांगवीजवळ, दर तिसऱ्या दिवशी एक खेप. तो दोनदा वाचला. मग त्यानं टेबलावरच्या टंचाईग्रस्त गावाकडे पाहिलं. खरं सांगावं तर चूक दुरुस्त होईल आणि भरलेला टँकर परत जाईल. बाहेर तो टँकर उभा होता आणि त्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी धुळीत पडत होतं. थेंब पडला की धूळ त्याला गोळी करून गिळून टाकायची. आठ वर्षांच्या नोकरीत ग्यानोबानं सरकारची टाचणीही घरी नेली नव्हती. तो उठला, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि म्हणाला, "चला. मला ठाव हाय."

बोरसांगवीत टँकर शिरला तेव्हा आधी कुणी पुढे आलं नाही. पलीकडच्या वाडीचा टँकर चुकून आलाय असं वाटून बाया लांबच उभ्या राहिल्या. मग चांगुणाबाई लंगडत पुढे आली, तिनं नळीखाली हात धरला आणि ओला हात तोंडावरून फिरवला. त्यानंतर जी झुंबड उडाली तिच्यात ग्यानोबाची चप्पल गेली. परतीच्या एस.टी.त तो अनवाणी बसला होता. त्याला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदमच.

खरी पंचाईत पुढे होती. मंजुरीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'दर पंधरवड्यास फेरपाहणी करावी व परिस्थिती सुधारल्यास टँकर बंद करावा.' म्हणजे झाडाची साल सुधारली की टँकर गेला. आणि झाड मेलं तर साहेब गेले. ग्यानोबा रोज सकाळी झाडापुढे उभा राहायचा तेव्हा काय मागावं तेच त्याला कळायचं नाही. बरं हो म्हणावं तर माय दिसायची, बरं होऊ नको म्हणावं तर पार्वतम्मा. शेवटी तो मनातल्या मनात म्हणायचा, "बाबा, हाय असंच ऱ्हा. अडतिसावर ऱ्हा." हे एखाद्या दुखणाइताला सांगण्यासारखं नाही, हे त्याला कळत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

झाड अडतिसावर राहिलं नाही. चौदाव्या दिवशी पानं पिवळी पडली. सोळाव्या दिवशी ती गळायला लागली. सालीचे तुकडे पाकिटात साठत साठत 'नग ७' झाले. विसाव्या दिवशी फांदीवर तीन पानं होती, आणि एकविसाव्या दिवशी, साहेब परत आले त्या सकाळी, एक होतं.

साहेबांनी वळकटी खाली ठेवली आणि ते झाडापाशी गेले. सगळं ऑफिस फायलीत तोंड घालून बसलं. साहेबांनी खोडावरून बोट फिरवलं. मग कुंडी उचलली, नाकाशी नेली आणि हळूच खाली ठेवली.

"किती पाणी घातलंत, वाघमारे?"

"एकच पेला, साहेब." आणि मग त्याला राहवलं नाही. "माझा एक. बाकीच्यांचे येगळे. साल गळून राहिली म्हणून समद्यांनी जीव लावला, साहेब. सरस्वतीबाई घरून बाटली आणत व्हत्या."

"साल?" साहेबांनी मान वर केली. "साल तर उत्तम आहे. ती अशीच सुटते. दर उन्हाळ्यात सुटायची. खालचा नारिंगी रंग दिसायला लागला की पार्वतम्मा मला हाक मारायची, या, बघा, झाड खुशीत आहे." त्यांनी नखानं कुंडीतली माती उकरली. "मुळं कुजलीत. मुळांकडे कुणी पाहिलं नाही."

दाराशी उभ्या असलेल्या नागुबाईनं टेबलाखालची गळलेली पानं झाडून घेतली. त्यापेक्षा ती बोलली असती तर ग्यानोबाला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात अर्जुनराव फाईल घेऊन पुढे झाले. त्यांना विनोद कळत नसे तशी वेळही कळत नसे. "साहेब, मौजे बोन्सायची पंधरवड्याची फेरपाहणी कालपासून ऱ्हायली हाय. आपला शेरा पायजे."

साहेबांनी फाईल उघडली. नमुना वाचला. लाल शाईतले अडतीस पैसे वाचले. यादी वाचली, मंजुरी वाचली, टँकरच्या खेपांची वही वाचली. तिच्यात दर तिसऱ्या दिवशी पाणी मिळाल्याबद्दल चांगुणाबाई वाघमारे हिचा अंगठा होता. साहेब वाचत होते तेवढा वेळ ग्यानोबा उभ्या उभ्या नोकरीतून कमी झाला, गावी गेला आणि दीड कोसावरून पाणी आणू लागला.

"वाघमारे."

"जी."

"पाणी बंद करा."

"हाव साहेब," तो कसाबसा म्हणाला. "चूक माझीच हाय. सटवाजीला मीच नेलं. त्याची काई..."

"झाडाचं म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "आता नका घालू. त्याला त्रास होतो." मग त्यांनी विचारलं, "किती घरं आहेत तुमच्या गावात?"

"एकशे बारा."

साहेब बराच वेळ खिडकीबाहेर निलगिरीकडे पाहत बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी फायलीवर एकही खोटा शेरा मारला नव्हता, हे सगळ्या शाखेला माहीत होतं. त्यांनी पेन उघडलं, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि फाईल मिटली. उठताना त्यांनी सालीचं पाकीट टाचणीतून सोडवलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"सहपत्र जाऊन राहिलं, साहेब," अर्जुनराव कळवळून म्हणाले.

"जाऊ द्या," साहेब म्हणाले आणि कुंडी दोन्ही हातांत धरून आपल्या खोलीत निघून गेले. आणताना त्यांनी ती एका हातात आणली होती.

ग्यानोबानं फाईल उघडली. साहेबांच्या ठळक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: 'समक्ष पाहिले. पैसेवारी ३८ कायम. पुढील फेरपाहणी झाड बरे झाल्यावर करावी.'

अर्जुनरावांनी शेरा वाचला. "दुरुस्त हाय," ते म्हणाले. "नियमात बसतंय."

रविवारी ग्यानोबा गावी गेला. टँकर नुकताच येऊन गेला होता. चांगुणाबाई भरलेली कळशी पुढ्यात घेऊन ओट्यावर बसली होती, पण तिचा चेहरा उतरलेला होता.

"ग्यानबा, मास्तरनं टँकरवरचा कागद वाचला म्हणं. हे पाणी आपलं न्हाई. बोन्साय म्हणून गाव हाय, त्याचं हाय."

"हाव, माय."

"दुसऱ्याच्या तोंडचं पाणी आपण पिऊन राहिलोत व्हय रे? तिथली लेकरं काय पेत असतील?"

ग्यानोबा तिच्याशेजारी बसला. काय सांगावं याचा त्यानं एस.टी.त पुष्कळ विचार केला होता, पण ऐन वेळी खरं तेच तोंडातून निघालं. "तिथं आता कुणी ऱ्हात न्हाई, माय."

"कुणीच न्हाई?"

"एकच जण व्हतं. गेलं."

चांगुणाबाई विचारात पडली. "कुणी ऱ्हात न्हाई तर टँकर कसा मंजूर झाला?"

"पैसेवारी कमी लागली."

तिनं मान डोलावली. सरकारचं असंच असतं, हे तिला साठ वर्षांत कळून चुकलं होतं. मग तिनं पेला घेतला, कळशीत बुडवला आणि काठोकाठ भरून अंगणातल्या भेगाळ मातीवर सावकाश ओतला. "त्याच्या नावानं," ती म्हणाली. "रोज वतीत जाईन." ग्यानोबा तिला अडवायला उठला होता, तो परत खाली बसला. एकच तर पेला होता.